महालक्ष्म्यांच्या आधी लोकरीचा गुंडा हातात घेताना

खरं सांगू का गं, भाद्रपद लागला की मोहोळातल्या कुठल्याही घरात डोकाव, घरची सून एकाच जागी उभी असते. डबे घासून उपडे घातलेले, मुखवटे कपाटातून निघून पलंगावर आलेले, हरभऱ्याची डाळ किती आणायची याचा हिशेब डोक्यात चाललेला, आणि डोळे मात्र महालक्ष्म्या बसायच्या त्या मोकळ्या भिंतीवर. यंदा मागं काय लावायचं? तुझंही सध्या तेच चाललंय. त्यात मोबाईलवर कुणीतरी अख्खं मखर लोकरीचं विणलेलं दाखवलं आणि तू मला विचारलंस, ‘ताई, मला जमेल का?’

जमेल. मखर मात्र करायचं नाही. यंदा एकच वस्तू करायची, दाराचं तोरण. आणि ते इतकं नीट करायचं की पुढची पंधरा-वीस वर्षं दर भाद्रपदात पेटीतून निघावं आणि दाराला लागावं. पुढच्या वर्षी मुखवट्यांच्या वेण्या कर, त्याच्या पुढच्या वर्षी मागची झालर. ज्यांच्या घरची लोकरीची आरास बघून आपण थक्क होतो ना, त्या बायकांची ती आठ-दहा वर्षांची जमवाजमव असते. फोटोत ती एकदम दिसते, म्हणून आपल्याला वाटतं एका पंधरवड्यात झाली.

आणि बघ, महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. मुक्काम तीन दिवसांचा. त्या तीन दिवसांत पुरणाचा स्वयंपाक, भाज्या निवडणं, कटाची आमटी, संध्याकाळचं हळदीकुंकू, आल्यागेल्याचं चहापाणी, हे सगळं तुझ्याच अंगावर. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत क्रोशा घेऊन बसलीस तर सकाळी पोळी लाटायला हात उचलणार नाहीत. म्हणून माझा हट्ट आहे, विणकाम सणाच्या चार दिवस आधी संपलं पाहिजे. जे तोपर्यंत झालं नाही ते पुढच्या वर्षी. महालक्ष्म्या रागावत नाहीत गं, त्या सासरी-माहेरी फिरणाऱ्या बायकाच आहेत, त्यांना सगळं कळतं.

आता आधी लोकरीचंच बोलू, कारण निम्मी गडबड तिथंच होते. दुकानात आपण ‘लोकर द्या’ म्हणतो तेव्हा जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. मेंढीशी त्याचा संबंध नाही, पेट्रोलियमच्या उत्पादनांपासून बनवलेला तो धागा आहे. खरी मेंढीची लोकर आपल्या भागात बघायची तर सांगोल्याकडच्या धनगरांच्या घोंगडीत. दख्खनी मेंढीची, काळी, राठ, हाताला टोचणारी. घोंगडी तिची सुरेख होते, झेंडूचं फूल काही होत नाही. तर तोरणाला ॲक्रिलिकच घे, चार पदरी घे. रंग पक्के असतात, धुतलं तरी आटत नाही, आणि स्वस्त पडतं. दुसरा पर्याय सुती दोरा. तो दिसायला फार छान, पण बारीक असतो, वेळ दुप्पट जातो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

लेबल खरं की खोटं अशी शंका आली तर एक धागा कापून वाटीत ठेव आणि काडी लाव. केस जळाल्यासारखा वास आला तर खरी लोकर. कागद जळाल्यासारखा वास आणि खाली मऊ राख राहिली तर सूत. वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. हे मोरीत कर, पोरांना बाजूला करून कर. हा प्रयोग मी तुला मुद्दाम सांगतेय. ते वितळणं एकदा डोळ्यांनी बघितलंस की समईचं मी पुढं काय सांगणार आहे ते वेगळं समजावावं लागणार नाही.

किती आणायची? दार मोज आधी. बहुतेक आतल्या दारांची रुंदी तीन फुटांच्या आसपास असते. तीन फुटी दाराला 11 आंब्याची पानं आणि त्यांच्या मधोमध 10 गोंडे पुरतात. दोन्ही बाजूंना पाच-पाच गोंड्यांच्या दोन लडी सोडायच्या. म्हणजे गोंडे एकूण 20. एका गोंड्याला साधारण 12 मीटर लोकर जाते, तेव्हा नारिंगी आणि पिवळी मिळून 240 मीटर. हिरवी 60-70 मीटर. गुंड्याच्या लेबलावर वजन नि लांबी असते, तिथं बघून घे. आणि एकाच रंगाचे दोन गुंडे घेताना लॉट नंबर एकच आहे ना ते ताडून बघ. वेगळ्या लॉटचा नारिंगी दुकानातल्या उजेडात सारखाच वाटतो, घरी दाराला लावला की वेगळा पडतो.

मोहोळात मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर सोलापूरला कुणी जाणार असेल त्याच्याकडं जुन्या लोकरीचा तुकडा देऊन रंग मागव. तू स्वतः एसटीनं नव्या पेठेत जाणार असशील तर यादी हातात ठेव आणि यादीबाहेरचं काही घेऊ नकोस. ती रंगांची दुकानं बघितली की माणूस गुलाबी, जांभळा, मोरपंखी सगळं उचलून आणतो आणि मग त्या गुंड्यांची पिशवी वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहते. यंदाच्या महालक्ष्म्यांच्या साड्या कुठल्या रंगाच्या आहेत यावर तोरणाचा रंग ठरवायचा नाही बरं का. साड्या दर वर्षी बदलतात. झेंडूचे दोन रंग आणि आंब्याचा हिरवा, हे कुठल्याही साडीसोबत जातं आणि नवरात्रात, दिवाळीतही तेच तोरण दारावर शोभतं.

आता गोंडा. हे काम पोरांनाही येतं, म्हणून आधी हेच शीक. डाव्या हाताची तीन बोटं जुळवून धर आणि त्यांच्याभोवती लोकर गुंडाळ, सैलसर, 100 वेढे. बोटांना रग लागते, तेव्हा पोरांना पुठ्ठ्याची पाच सेंटीमीटर रुंद पट्टी कापून दे. वेढे झाले की अलगद बोटांवरून काढायचे आणि बरोबर मध्यावर दुसऱ्या धाग्यानं आवळून बांधायचं. इथं सगळं ठरतं बघ. हा बांधायचा धागा लोकरीचा घ्यायचा नाही. लोकर ताणली जाते, गाठ आज घट्ट वाटते आणि सहा महिन्यांनी गोंडा गळायला लागतो. जाड सुती दोरा घे, दुहेरी कर, पाण्यात बुडवून पिळून घे म्हणजे गाठ सरकत नाही. पहिल्या गाठीत दोरा दोनदा फिरव, मग ओढ, मग दुसरी गाठ. दोऱ्याची टोकं वीतभर लांब ठेव, त्यांनीच तो पुढं तोरणाला बांधायचा आहे.

मग दोन्ही बाजूंचे वेढे कात्रीनं काप. आता तो गोंडा केस विस्कटलेल्या पोरासारखा दिसेल. घाबरू नकोस, सगळ्यांचा तसाच दिसतो. हातात घेऊन झटक, चहाच्या पातेल्याच्या वाफेवर जरा लांबून धर, फुलून येतो. मग धारदार कात्रीनं गोल फिरवत फिरवत थोडं थोडं कातर. भाजीची कात्री घ्यायची नाही. शिवणाची घे, आणि ती घरात कुणाला कागद कापायला देऊ नकोस. एक गोंडा नारिंगी, एक पिवळा, आणि दोन-चार गोंडे दोन्ही धागे एकत्र गुंडाळून केलेस तर खऱ्या झेंडूच्या ढिगात जशी मिसळ असते तशी येते. मला ते मिश्र गोंडेच जास्त आवडतात.

आपल्याकडं गोंड्याचं काही नवल नाही गं. बैलांच्या म्होरक्यांना, शिंगांना गोंडे बांधत आलोच आहोत आपण. बैल सजवायचं ठरलं की घरातला बाप्यामाणूस तासभर बसून गोंडे निवडतो, बांधतो. तेव्हा तोरणाच्या वेळी ‘हे बायकांचं काम’ असं कुणी म्हणालं तर त्याला बैलांची आठवण करून दे आणि पुठ्ठ्याची पट्टी हातात दे.

पानांना मात्र क्रोशाची सुई लागेल. चार पदरी लोकरीला साडेतीन मिलिमीटरची सुई घे. आंब्याचं पान असं करायचं: साखळीचे 15 टाके घाल. सुईजवळचा एक टाका सोड. पुढच्या दोन टाक्यांत मुका खांब, त्यापुढच्या दोनांत अर्धा खांब, मग सहा टाक्यांत पूर्ण खांब, पुन्हा दोन अर्धे, दोन मुके. साखळी संपली. शेवटच्या टाक्यातच आणखी दोन मुके खांब घालून वळ आणि साखळीच्या दुसऱ्या अंगानं तसंच परत ये. मुका, अर्धा, पूर्ण, अर्धा, मुका. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फुगीर, झालं पान. मुका खांब म्हणजे टाक्यात सुई घालून धागा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही वेढ्यांतून एकदम काढायचा. अर्ध्या खांबाला आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, धागा ओढला की तीन वेढे होतात, ते तिन्ही एकदम काढायचे. पूर्ण खांबाला तेच तीन वेढे दोन-दोन करून काढायचे. हे वाचून डोक्यावरून गेलं तर जाऊ दे, सुई हातात घेऊन एकेक ओळ वाच. तिसऱ्या पानापासून हाताला कळायला लागतं.

टाके फार आवळू नकोस. नव्या माणसाचा हात घट्टच असतो, कारण सुटेल अशी भीती असते. मग पान आखडतं, बोट दुखतं, आणि वाटतं की मला हे येतच नाही. येतं. सुई अर्धा मिलिमीटर जाड घे, म्हणजे चारची, आणि बघ हात कसा मोकळा होतो.

आणि क्रोशा अजिबात नकोच वाटला तरी काही बिघडत नाही. हिरव्या लोकरीच्या तीन पदरी वेण्या घाल, दुमडून पानाच्या आकारात शिव. कडेनं हिरवी फेल्टची किंवा जुन्या ब्लाऊजपिसची पानं कापून लावलीस तरी चालतील. फक्त गोंड्यांचं तोरणही भरगच्च दिसतं.

वेळेचा हिशेब सांगते म्हणजे तुझी धडधड थांबेल. नवशिक्या हाताला एका गोंड्याला दहा मिनिटं, एका पानाला पंधरा. 20 गोंडे आणि 11 पानं म्हणजे सहा तासांच्या आसपास. रोज पाऊण तास धर, रात्रीची मालिका बघताना. आठ-नऊ दिवस. जोडणीला एक दुपार. जमतंय की नाही?

जोडणी लोकरीच्या साखळीवर करायची नाही. वीस गोंड्यांचं वजन आलं की ॲक्रिलिक झोळ धरतं आणि मधलं पान येणाऱ्याच्या डोक्याला लागतं. जुन्या साडीचा काठ काढ, दोन बोटं रुंद, तो दुहेरी शिवून पट्टी कर आणि तिच्यावर पानं-गोंडे टाक. सासूबाईंची एखादी विरलेली इरकल असेल तर तिचा काठ माग. त्यांना बरं वाटेल आणि तुझ्या तोरणाला कणा मिळेल. दोन्ही टोकांना आणि मध्ये एक अशी तीन कापडी लूप शिवून घे, दाराला खिळे नसले तर चिकट हुकांवरही धरतं.

आता समई. हे जरा कडक शब्दांत सांगणार आहे, ऐकून घे. महालक्ष्म्यांपुढं तीन दिवस समई तेवत असते, निरांजन फिरत असतं, उदबत्ती असते, कापूर असतो. बायका हळदीकुंकवाला वाकतात, पदर हलतो, पंखा चालू असतो. ॲक्रिलिक पटकन पेटतं आणि वितळून त्याचे थेंब खाली पडतात, ते कातडीला चिकटतात. सूतही भराभर जळतं. म्हणून लोकरीची कुठलीही वस्तू समईच्या वर, मागं हातभर अंतराच्या आत, किंवा आरतीच्या ताटाच्या वाटेत लावायची नाही. दाराचं तोरण मी यंदा पहिलं करायला सांगतेय त्याचं हेच मोठं कारण आहे, ते ज्योतीपासून लांब असतं. पुढच्या वर्षी मुखवट्याच्या वेण्या केल्यास की समई एक हात पुढं सरकव. माळा लावायच्या तर एलईडीच्या, गरम होणाऱ्या जुन्या बल्बांच्या नकोत. आणि रात्री झोपताना समई महालक्ष्म्यांपासून थोडी दूर, मोठ्या परातीत ठेव. घरातल्या मोठ्यांना खुपलं तर मी सांगितलं म्हणून सांग.

पूजेला मात्र खरी फुलं. हे माझं मत आहे, कुणाला पटेल न पटेल. सणाला झेंडूचा भाव कितीही चढो, देवीच्या पायाशी दोन खरी फुलं, आघाडा, दुर्वा हवीतच. लोकर दारासाठी, भिंतीसाठी. आणि लोकरीचा हार गणपतीच्या गळ्यात घातलास तर विसर्जनाआधी आठवणीनं काढून घे. ॲक्रिलिक पाण्यात कुजत नाही. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आपण मखरं टाकून दिली. प्लास्टिकचाच दुसरा प्रकार तळ्यात सोडायचा असेल तर त्यात काय मिळवलं? ते तोरण वीस वर्षं टिकलं पाहिजे म्हणते ते नुसत्या काटकसरीसाठी म्हणत नाही गं.

आणि धाग्याची खरी आरास तर महालक्ष्म्यांच्या पूजेतच आहे. तिसऱ्या दिवशी सूत घेऊन गाठी पाडतो ना आपण? सोळा पदरांचं ते हळदीनं पिवळं केलेलं सूत, एकेका गाठीत झेंडूचं फूल, पान, रेशमाचा धागा, सुकामेवा. काही घरांत त्याला दोरे म्हणतात, काही घरांत तातू. घरोघरी रीत वेगळी, तुमच्याकडं काय घालतात ते सासूबाईंना विचारून लिहून ठेव. तर त्या सुताच्या जागी कुणी हौसेनं लोकर घेते तशी घेऊ नकोस. तिथं साधं सुती सूतच हवं. दुकानातून आणलंस तर ते ओलं करून एकदा पांढऱ्या कपड्यावर घासून बघ. हळदीनं रंगवलेलं सूत रंग सोडणारच, ते गळ्यात घालायच्या आधी सावलीत पुरतं वाळू दे, नाहीतर नव्या साडीच्या गळ्याशी पिवळा पट्टा बसतो.

सुताचं निघालंच आहे तर सांगते, आपण सुताच्या जिल्ह्यात राहतो. सोलापुरात 1877 साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढं जुनी मिल म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागावर चादरी विणल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडं पाहुणा आला तर आपण त्याला चादर-टॉवेल देऊनच पाठवतो, तो एवढा जवळचा माल. त्या चादरीच्या टोकाला दशा असतात बघ, त्या बोटांत घेऊन नीट बघ. दोन-दोन झुपके पिळून, गाठ मारून, पुढं मोकळे सोडलेले. झालर करायला शिकायची तर तीच बघून शिक, कुठला व्हिडिओ लागत नाही. मागाच्या सुताचे कोन कुणाकडून मिळाले तर ते एकेरी फार बारीक पडतं. सहा-आठ पदर एकत्र धरून गोंडे कर, पांढरेशुभ्र मोगऱ्यासारखे होतात. मुखवट्यांच्या गजऱ्याला मी तेच सांगेन.

एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकते. हळदीकुंकवाला आलेली कुणीतरी तोरणाकडं बघून विचारेल, ‘विकत केवढ्याला मिळतं गं हे?’ आणि दुसरी म्हणेल, ‘हिला वेळच वेळ आहे.’ मनाला लावून घेऊ नकोस, पण खरंही मानू नकोस. आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात नरसापूर म्हणून गाव आहे. तिथल्या बायका एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाची लेस विणतात, स्कॉटिश मिशनऱ्यांनी ती कला तिकडं नेली. मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. लेस परदेशात जाते, व्यापारी पैसे कमावतात, आणि विणणाऱ्या बाईला तुटपुंजी मजुरी मिळते, कारण ती घरी बसून फावल्या वेळात करते असं सगळे धरून चालतात. तिला स्वतःलाही तसंच वाटत असतं. मला हे फार लागतं. फावला वेळ कुठला? चूल, पोरं, पाणी, धुणं सगळं उरकून दोन तास काढले, ते तिनं काढले, कुणी दिले नाहीत.

तेव्हा तुझं तोरण बघून एखादीनं ‘मलाही करून दे ना’ म्हटलं तर आधी स्वतःला विचार, तुला करायचं आहे का? करायचं नसेल तर हसून म्हण, ‘ये दुपारी, शिकवते.’ करायचं असेल तर पैसे सांग. लोकरीचे पैसे वेगळे, आणि सहा तासांच्या कामाची मजुरी वेगळी. शेतात खुरपायला गेलेल्या बाईला दिवसाची जी हजेरी मिळते ती डोळ्यांपुढं ठेव, त्याच्या खाली जाऊ नकोस. सांगताना जीभ अडखळेल. अडखळू दे, पण आकडा सांग.

घरातल्यांचं सांगू का? सासूबाईंना आधी विचार, नंतर नाही. ‘मी लोकरीचं तोरण करतेय’ असं सांगण्याऐवजी ‘आई, तुमच्या रुखवतात क्रोशाचं काय काय होतं?’ असं विचार. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी रुमाल, पडदे, दाराला काचेच्या नळ्यांची तोरणं केलेली आहेत. त्यांच्या ट्रंकेत काहीतरी निघेल. निघालं तर त्यातलं एखादं फूल तुझ्या पट्टीच्या मध्यावर लाव. नळ्या फुटक्या असतील, दोरा कुजला असेल, तर मणी सोडवून नव्या दोऱ्यात ओव. त्या ओवायला बसतील, तू पोळ्यांचं बघशील, असंही होईल. पोरांना वेढे घालायला दे, शंभर मोजायला दे, मोजणी चुकली तर चुकू दे, गोंडा थोडा बारका होतो एवढंच. कात्री मात्र मोठ्याच्या हातात. नवऱ्याला दार मोजायला आणि लूप लावायला सांग. हे सगळं एकटीनं करून दाखवायचं नाहीये, कुणी बक्षीस ठेवलेलं नाही.

तुझ्या हाताची काळजी घे. सलग अर्ध्या तासावर विणू नकोस. मूठ उघड-मीट कर, मनगट गोल फिरव, उठून पाणी पी. बल्ब डोक्यामागं नको, डाव्या खांद्याच्या बाजूनं यायला हवा. वीज गेली तर सुई खाली ठेव, मोबाईलच्या उजेडात गडद हिरव्या लोकरीचे टाके शोधत बसू नकोस.

सण झाला की तोरण तसंच गुंडाळून माळ्यावर फेकायचं नाही. आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरातच असतो, हवेत ओल असते, ओलसर तोरण पिशवीत बांधलं तर पट्टीच्या सुती कापडावर बुरशी धरते. चार उन्हं बघ, सावलीत पसर, झटक. हायवेची धूळ बसली असेल तर कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून बुडव, पिळू नकोस, टॉवेलात दाबून पाणी टिप. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवायची नाही, एकदा फिरली की ते लुळं पडतं ते कायमचं. सुती क्रोशाच्या वस्तू ताठ राहाव्यात म्हणून साबुदाण्याची खळ देतात, ती सणाच्या आधी द्यायची आणि ठेवताना धुऊन काढायची. खळ असलेल्या कापडाला झुरळं आणि उंदीर लागतात. डांबरगोळ्या ॲक्रिलिकला लागत नाहीत, कसर खऱ्या लोकरीला लागते. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात तोरण सैल घाल, वर काही जड ठेवू नकोस, नाहीतर गोंडे चपटे होतात. अभ्र्याला एक चिठ्ठी टाच: किती मीटर लागली, सुई कितीची, कुठल्या दुकानातून, लॉट नंबर काय. आणि उरलेल्या तिन्ही रंगांची थोडी थोडी लोकर त्याच अभ्र्यात, एखादं पान उसवलं तर.

तर आज रात्री फक्त दार मोज. उद्या लोकर आण किंवा मागव. परवा एक गोंडा कर आणि मला दाखव, गाठ मी ओढून बघणार आहे. हिरवी कमी पडली तर नवा गुंडा लगेच आणू नकोस, माझ्याकडं अर्धा पडला आहे, पोराला पाठव.